बेथेल रिजची तीन पानांची वेल न जाळता काढू देण्याबाबत

प्रति,
मा. पर्यवेक्षक,
टकर्स नॉब राखीव वन व जलाशय कार्यालय,
जुन्या लाकूड गिरणीच्या मागे,
नॉर्थ कॅरोलिना.

अर्जदार: लिओटा क्रिस्प, वय ७१, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त.

विषय: बेथेल रिज दफनभूमीतील पॉयझन आयव्ही ही अंगावर फोड आणणारी वेल १९ मेपूर्वी, न जाळता, माझ्या स्वतःच्या हातांनी काढू देण्याबाबत. (अर्ज तिसरा.)

संदर्भ:
१) आपले पत्र क्र. ११४, दि. ८ एप्रिल २०१९.
२) पाव ज्या पिशवीत येतो ती पिशवी, दोन नग.
३) माझ्या भावाची मान, डावी बाजू.
४) (वगळला. कारण परिच्छेद ५ मध्ये.)
५) लाकडी फुटपट्टी.
६) बटाट्याचे सॅलड.
७) (शेवटी.)

महोदय,

१. पहिला अर्ज फेब्रुवारीत केला. तो "वेलीचा नमुना जोडलेला नाही" या शेऱ्यासह परत आला. दुसरा मार्चमध्ये केला, त्यावर आपण नऊ अटींसह परवानगी दिली आणि त्याच पत्राच्या तळाशी लिहिले, "रकाना क्र. ७, अर्जदारास स्वतःला झालेली इजा, कोरा आहे. तो भरेपर्यंत परवानगी अमलात येणार नाही." म्हणजे दिली आणि दिली नाही. रकाना या वेळी भरला आहे.

२. सदर दफनभूमी आपणांस नकाशावर ठाऊक आहे, मला पायाखाली. १९६२ साली धरण झाले, रस्ता पाण्याखाली गेला, डोंगराचे टोक वर राहिले आणि ते आपल्या कार्यालयाकडे गेले. तेव्हापासून आम्ही वर्षातून एकदा, मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी, डेकोरेशनला, म्हणजे आपल्या माणसांची थडगी सजवायला, तिथे जातो, तेही आपल्याच बोटीने. थडगी साफ करतो, माती नीट रचतो, फुले ठेवतो, स्तोत्रे गातो आणि गवतावर चादरी अंथरून जेवतो. माझी आई १९५८ पासून तिथे आहे. तिच्या उशाशी ओकचे झाड आहे. त्यावर मनगटाएवढी जाड, केसाळ वेल चढली आहे आणि तिची पिलावळ आईच्या दगडावर पसरली आहे. आईच्या नावाची पहिली तीन अक्षरे तेवढी वाचता येतात.

माझा धाकटा भाऊ व्हर्लिन, वय ६८, दरवर्षी पहिल्या बोटीने जातो आणि सगळ्यांच्या आधी आईची जागा साफ करतो. या वेलीपासून त्याने आयुष्यभर लांब राहावे, असे डॉक्टरांनी बजावले आहे. तो राहणार नाही. म्हणून त्याच्या आधी मला ती वेल गाठायची आहे. या अर्जात दुसरे काही नाही. बाकीचे कागद आपण मागितले म्हणून आहेत.

३. नमुन्याबाबत. माझ्या कुंपणावर हीच वेल आहे. पावाच्या पिशवीत हात घालून तिची फांदी धरली, मोडली, पिशवी उलटी करून तिच्यावर ओढली, गाठ मारली, वर दुसरी पिशवी चढवली. जाड अक्षरांत "उघडू नये" लिहिले आणि ११ मार्च रोजी आपल्या खिडकीवर दिली. खिडकीवरच्या श्रीमती रोवेना टीग म्हणाल्या, "अहो मिस लिओटा, हिला पानंच नाहीत. मोजल्याशिवाय मी तीन कसं लिहू?" मी सांगितले की मार्चमध्ये पाने नसतात, आणि विष नुसते पानात नसून अख्ख्या वेलीच्या तेलात असते, काडीत, मुळात, सगळीकडे. "जळणाची काडी आहे हो ही," असे म्हणून त्यांनी दोन्ही गाठी सोडल्या व काडी फुटपट्टीशेजारी ठेवली, कारण फॉर्मवर नमुन्याची लांबी विचारलेली आहे.

लांबी साडेसहा इंच भरली.

३अ. श्रीमती टीग त्यानंतर नऊ दिवस रजेवर होत्या. मला वाईट वाटले. फुटपट्टी मात्र कामावर आहे. ८ एप्रिलला आपल्याच पत्राखाली तिने रेघ मारली जात असताना मी पाहिले. हे तेल महिनोन्महिने जात नाही. फुटपट्टी कृपया अल्कोहोलने पुसून घ्यावी. हा माझ्या मागणीचा भाग नाही, पण कुणीतरी सांगायला हवे.

५. परिच्छेद ४ लिहिलेला नाही. आपल्या पत्रात त्या क्रमांकाची अट अशी आहे: "तोडलेली सर्व वनस्पती जागेवरच जाळून नष्ट करावी." त्या आकड्याखाली माझ्याच्याने काही लिहवत नाही.

२०१६ साली मी ती अट पाळली होती. दफनभूमीच्या फाटकावर तसा फलक होता. हिवाळ्यात कुणीतरी तोडून टाकलेल्या वेलीचा ढीग मेपर्यंत कडकडीत वाळला होता. मला वाटले, वाळली म्हणजे मेली, मेली म्हणजे सुटलो. मी काडी लावली. धूर वर जाण्याऐवजी उतारावर आला. व्हर्लिन आईच्या दगडाशी वाकून माती ओढत होता. ज्या तेलाने कातडीवर फोड येतात, ते धुराबरोबर त्याच्या घशात आणि छातीत गेले. तो अकरा दिवस इस्पितळात होता, त्यातले चार दिवस श्वासाच्या नळीवर.

आई गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि तो सात. त्याच्या डब्यात मक्याचा ब्रेड मी भरत असे. इस्पितळातून घरी आल्यावर तो मला म्हणाला, "ताई, आईशेजारी माझीपण जागा बघून ठेवली होतीस का?" त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. येत्या महिन्यात तीन वर्षे होतील.

आणि आपण मला पुन्हा काडी लावायला सांगता.

६. लावायलाही देत नाही. आपल्याच पत्रातील अट क्र. ९ नुसार १५ मार्च ते ३१ मे या काळात वनात आग लावण्यास मनाई आहे. अट क्र. २ नुसार तोडलेली वेल चोवीस तासांहून अधिक जागेवर ठेवता येणार नाही. बोटीवरील सूचनेनुसार कोणतीही वनस्पती, जिवंत वा मृत, बोटीत आणता येणार नाही. म्हणजे वेल जाळायची आहे, जाळायची नाही, ठेवायची नाही आणि न्यायची नाही. खाण्याचा मार्ग उरतो. व्हर्लिनचा मुलगा डोर्सी म्हणतो, "आत्या, शेळी ने. शेळीला काही होत नाही हिचं." परंतु अट क्र. ६ नुसार पाळीव जनावरांस प्रवेश नाही.

८. इजेच्या पुराव्याबाबत. गेल्या वर्षी, २० मे २०१८ रोजी, व्हर्लिन पहिल्या बोटीने गेला, सुती हातमोजे घालून. सुती मोज्यांतून तेल पाझरते. त्याने दगड मोकळा करायला घेतला तोच वेलीचे एक टोक त्याच्या मानेवर लागले. मोजे काढून तो मान चोळत राहिला. साडेदहाच्या बोटीने बाकीचे आले. डेकोरेशनला आमच्यात हात हलवून भागत नाही. वर्षाची भेट असते. जो दिसेल त्याला कडकडून मिठी मारतात. व्हर्लिनने त्याच शर्टाने, त्याच हातांनी मिठ्या मारल्या.

मंगळवारपर्यंत, व्हर्लिन सोडून, तेवीस जणांना पुरळ उठले. पहिल्यांदा सगळ्यांनी माझ्या बटाट्याच्या सॅलडला दोष दिला. डोर्सीच्या बायकोने तर विचारले, "आत्या, अंडी कधीची होती?" मी गप्प बसले नाही. घरोघर फोन केले आणि लिहून काढले. सॅलड खाल्लेले एक्केचाळीस. व्हर्लिनने मिठी मारलेले चोवीस. पुरळ उठलेले तेवीस, आणि ते सगळे त्या चोवीसांतले. राहिली ती डोर्सीची बायको. काही माणसांना ही वेल लागतच नाही. मी त्यांच्यातली नाही. नऊ वर्षांची असताना या वेलीत खेळले, तर आठ दिवस डोळे उघडले नव्हते आणि आई ओढ्याकाठच्या रानतेरड्याचा रस फडक्यावर घेऊन माझ्या तोंडावर ठेवत होती.

यादी जोडली आहे. पाद्री हॅस्केल: कपाळ, कारण ते ठेंगणे आहेत. डोर्सी: मानेमागे, कारण बाप त्याला मानेला धरून जवळ ओढतो. युलाला मामी, वय ८८: दोन्ही गाल. ती म्हणाली, "इतक्या वर्षांनी कुणीतरी माझे गाल लाल केले बाई, माझं नाव तक्रारीत घालू नकोस." तरीही घातले आहे, तिची क्षमा मागते.

९. काम कसे करीन ते लिहिते, म्हणजे पुन्हा प्रश्न येणार नाही. पाऊस पडून माती मऊ झाल्यावर. आत रबरी मोजे, वर चामडी, बाहीच्या टोकाला चिकटपट्टी. ओकवरची वेल ओढायची नाही. ओढली की तोंडावर येते. जमिनीलगत आणि कमरेच्या उंचीला अशी दोनदा कापून मधला तुकडा काढायचा, वरची झाडावरच वाळू द्यायची आणि वाळल्यावरही तिला हात लावायचा नाही. दगडावरची कोवळी वेल मुळासकट, आठ इंच खोल. गवत कापायचे यंत्र लावायचे नाही, तेल चौफेर उडते. सगळे काळ्या पिशव्यांत, दुहेरी, तोंड बांधून. मग लगेच, दहा मिनिटांच्या आत, गार पाणी आणि भांड्यांचा साबण लावून फडक्याने खसाखसा घासायचे, जसे करपलेले पातेले घासतात. हत्यारे अल्कोहोलने पुसायची. बुटाच्या नाड्याही; नाड्या सगळे विसरतात. कपडे वेगळे धुवायचे.

१०. सबब विनंती की, जाळण्याची अट रद्द करावी, बांधलेल्या पिशव्या बोटीतून आणू द्याव्यात आणि ६ व ७ मे रोजी मला बोट मिळावी. मी एकटी येईन. न मिळाल्यास १९ मे रोजी सकाळी आठच्या बोटीने व्हर्लिन दंताळे घेऊन निघेल, आणि मी साडेदहाच्या बोटीत मांडीवर सॅलड घेऊन बसलेली असेन. त्याला आधी सांगून थांबवण्याचा माझ्याकडे काही मार्ग नाही. तो माझा फोन उचलत नाही.

तीन अर्जांनंतरही आपली नम्रच राहिलेली,

(सही)
लिओटा क्रिस्प
दि. २२ एप्रिल २०१९

सहपत्रे:
१) पुरळ उठलेल्या तेवीस जणांची यादी, अवयवासह.
२) मिठी मारलेल्या चोवीस जणांची यादी.
३) २०१६ च्या इस्पितळाच्या कागदाची प्रत. (डोर्सीने दिली. व्हर्लिनला कळवू नये.)
४) (नाही.)
५) नमुना जोडलेला नाही व जोडणार नाही.

७. रकाना क्र. ७, अर्जदारास स्वतःला झालेली इजा: गेल्या वर्षी मला एकही फोड आला नाही.