मेजर गुरगुरत नाही

९ फेब्रुवारी, रविवार

एकतीस टाके. मी मोजले नाहीत, एक सिस्टर दुसरीला सांगत होती. गालाला एकोणीस, डोळ्याखाली पाच, बाकीचे डोक्यात.

कस्तुरी साडेतीन वर्षांची आहे. एवढे टाके घालायला तिच्या तोंडावर जागा तरी कुठे आहे!

अक्षर धड येत नाहीये. तरी लिहितेय, कारण तोंडाने आज मी एकही खरी गोष्ट बोललेली नाही.

रत्नपाल आणि नंदिनी सकाळी तिला माझ्यावर सोपवून देवासला लग्नाला गेले. "ताई, चार तासांचा तर प्रश्न आहे. सांभाळशील ना?" भाऊ असा विचारत होता, जशी काही मी परकी. म्हटलं, जा रे बिनधास्त. नंदिनी गाडीत बसली आणि परत उतरली. "ताई, मेजरला मागे बांधाल ना?" बांधते म्हटलं.

नाही बांधलं.

साडेअकराच्या सुमारास कस्तुरी पोर्चमध्ये मेजरजवळ खेळत होती. मी आत गेले, कुकर झाला होता, गॅस बंद करायला. तेवढ्यात आवाज आला. मेजरचा नाही – तिचा. बाहेर आले तर तिचं तोंड त्याच्या जबड्यात. एकदाच चावला आणि सोडलं. मग मागच्या अंगणात जाऊन बसला, जसं काही झालंच नाही.

समोरचे चौकसे भिया धावत आले, त्यांनी गाडी काढली. "किसने काटा, दीदी?"

"गली के कुत्ते ने. गेट खुला रह गया था."

असं कसं निघालं तोंडातून! विचारसुद्धा केला नव्हता. मग डॉक्टरांना तेच सांगितलं. रत्नपालला फोनवर तेच. नंदिनी रडत आली तेव्हा तिच्याकडे बघून तेच – आणि तिला तर वरून लालीचं नाव सांगितलं. लाली म्हणजे आमच्या गल्लीतली तांबडी कुत्री. पोळी टाकली तर आधी शेपटी हलवते, मग खाते.

गल्लीतला कुत्रा म्हटल्यावर डॉक्टरांनी जखमेच्या आतच सुया टोचल्या. रेबीजसाठी. दोन सिस्टरनी कस्तुरीचे हातपाय धरले होते. मेजरचं रेबीजचं इंजेक्शन डिसेंबरात झालंय. कार्ड माझ्या कपाटात आहे. मी भिंतीला टेकून उभी होते. तोंड उघडलं नाही.


१० फेब्रुवारी, सोमवार

लायब्ररीत सुट्टी कळवली. दिवसभर हॉस्पिटलमध्येच.

कस्तुरी काही बोलत नाही. दुपारी गुंगी उतरली तेव्हा पहिला शब्द बोलली – "मेजर." मग परत, "मेजर... मेजर..." आणि रडायला लागली.

वाटलं, संपलं, आता सगळ्यांना कळलं.

नंदिनीने तिच्या केसांवरून हात फिरवला. "हो गं बाळा, आहे ना मेजर घरी. वाट बघतोय तुझी."

तिला आठवण येतेय असं वाटलं त्यांना!


११ फेब्रुवारी, मंगळवार

कपडे घ्यायला घरी आले. मेजर दारात आला, डोकं माझ्या मांडीवर घासलं. तेच डोकं. मी हात लावला नाही. मग लावला.

आई गेली त्या वर्षी आणला त्याला. हे रो-हाऊस, मी एकटी, विजय नगरात तेव्हा दोन चोऱ्या झालेल्या. सगळे म्हणाले रॉटवायलर घे, कोणी गेटला हात लावणार नाही. पिशवीत मावेल एवढं पिल्लू होतं. आज अठ्ठेचाळीस किलो. रत्नपाल तेव्हा पुण्याला होता, फोनवर हसला होता – "बाबा महूला लष्करात आयुष्यभर हवालदार राहिले, आणि तू घरात मेजर आणलास!"

मग दोन वर्षांनी त्याला इकडे नोकरी मिळाली. तो, नंदिनी आणि कस्तुरी आले. घर भरलं. किती आनंद झाला होता मला!

नंदिनी नागपूरची. पहिल्या आठवड्यातच म्हणाली, "ताई, एवढं मोठं जनावर आणि एवढंसं लेकरू. भीती वाटते हो." लहान मुलांसाठी दाराला लावायची जाळी तिने स्वतः मागवली. मला राग आला. माझ्या घरात मेजरला जाळी? "माझा मेजर असा नाही," म्हणाले. ती जाळी अजून खोक्यात आहे, जिन्याखाली.

निघताना गल्लीत आरडाओरडा. चौकसे भिया आणि आणखी तिघं, हातात दांडे. लाली ट्रान्सफॉर्मरच्या मागे अडकली होती. "छोड़ेंगे नहीं दीदी इसको. हमारी बच्ची का मुँह फाड़ दिया!"

मी म्हटलं, जाने दो भिया. एवढंच म्हटलं. हळूच. आणि ऑटोत बसले.


१२ फेब्रुवारी

लाली गेली. मोकळ्या प्लॉटवर पडली आहे, मागचे दोन्ही पाय मोडलेले. रत्नपालने स्वतः सांगितलं, "चलो, एक काम तर झालं."


१३ फेब्रुवारी, गुरुवार

एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

मागच्या पावसाळ्यात कस्तुरी मेजरच्या ताटलीजवळ गेली होती, तेव्हा तो गुरगुरला होता. मी वर्तमानपत्राची गुंडाळी त्याच्या नाकावर मारली. "नो!" नंतर ती त्याच्या अंगावर झोपायला गेली तेव्हा पुन्हा गुरगुरला. पुन्हा मारलं. पाच-सहा वेळा झालं असेल. मग बंद झालं. ती कान ओढो, पाठीवर बसो – चूप! मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचे, "बघा, आमचा मेजर गुरगुरतसुद्धा नाही. किती समजूतदार झालाय!"

रविवारी तो गुरगुरला असता तर?

कसा गुरगुरणार होता. मीच शिकवलं होतं.


१५ फेब्रुवारी, शनिवार

डोळा वाचला. डॉक्टर म्हणाले, दात बोटभर वर लागला असता तर गेलाच होता. गालावर व्रण राहणार. मोठी झाल्यावर आणखी एक ऑपरेशन करावं लागेल. मंगळवारी घरी सोडतील.

नंदिनी सहा दिवसांनी पहिल्यांदा हसली. कँटीनमध्ये माझ्यासाठी चहा घेऊन आली, समोर बसली.

"ताई, तुमची माफी मागायची होती."

"माझी? कशाबद्दल?"

"मी उगाच त्या बिचाऱ्या मेजरवर संशय घेत होते. कायम बांधा, बांधा. आणि चावलं कोण, तर दुसरंच कुणीतरी. तो असता ना तिथे, तर त्याने वाचवलं असतं हिला."

मी चहा पीत राहिले.

"ही सारखी त्याचं नाव घेते ना. मी ठरवलंय, मंगळवारी त्याला आंघोळ घालून तयार ठेवू. तिच्या पलंगाशीच बसू दे. त्याला बघून खुलेल ती."

खुलेल!

चहा सांडला माझ्या हातून. तिने पदराने माझा हात पुसला.


१६ फेब्रुवारी, रविवार

आज तिसरी सुई. कस्तुरीने आरडाओरडा केला नाही. स्वतःच हात पुढे केला. त्यानेच मला जास्त रडू आलं.


१७ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं.

सकाळपासून चार वेळा तिच्यासमोर गेले आणि परत आले. एकदा बिस्किटं घेऊन, एकदा औषधाची चिठ्ठी घेऊन. दुपारी कस्तुरी झोपली होती. रत्नपाल डिस्चार्जच्या कागदांसाठी खाली गेला होता. नंदिनी फोनवर कुत्र्याचा शॅम्पू शोधत होती. मला दाखवला, "हा चालेल का हो त्याला?"

मी म्हटलं, "नंदिनी, लाली नव्हती."

तिला कळलं नाही. "काय?"

"लाली आलीच नव्हती. गेट बंद होतं. मेजर चावला."

तिने पलंगाकडे बघितलं. आठ दिवस पोर काय सांगत होतं, ते तिला त्या क्षणी कळलं असावं. तिने हाताने तोंड दाबलं, आणि त्यातून जो आवाज आला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"ती सांगत होती," ती म्हणाली. "ती सांगत होती मला, आणि मी तिला म्हणत होते, वाट बघतोय तुझी..."

मी पाय धरायला वाकले. तिने पाय मागे घेतले.

रत्नपाल वर आला. त्यालाही सांगितलं. तो ओरडेल, मारेल असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने कागद खिडकीत ठेवले, नीट, एकावर एक. "आणि त्या लालीला आम्ही..." म्हणाला आणि थांबला.

नंदिनीने विचारलं, "तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"आत. कुकर बंद करायला गेले होते."

ती कस्तुरीचं पांघरूण सारखं करत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "कुकरसाठी तर मीही गेले असते आत."

एवढं चांगलं कोणी का असावं!


१८ फेब्रुवारी, मंगळवार

ते तिघं घरी आले नाहीत. नंदिनीची मावसबहीण अरुंधती पलासियाला राहते, तिच्याकडे गेले. बरोबर केलं. डॉक्टरांनाही रत्नपालने खरं सांगितलं. मेजरचं कार्ड मी नेऊन दिलं. कुत्रा दहा दिवस धडधाकट असेल तर पुढच्या सुया नकोत म्हणाले. उद्या दहा दिवस होतात.

आधी बोलले असते तर हे पहिल्या दिवशीच कळलं असतं.


२० फेब्रुवारी, गुरुवार

मेजरला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. रत्नपाल आला होता. माझ्याशी बोलत नाही, पण आला. "इसका कुछ कर दीजिए, डॉक्टर साहब," म्हणाला.

डॉक्टर म्हातारे आहेत. मेजर टेबलाखाली शहाण्यासारखा बसला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वर्तमानपत्राच्या गुंडाळीपर्यंत. मग मला म्हणाले,

"गुर्राना उसकी बोली थी, मॅडम. वो कह रहा था, बच्ची को हटाओ. आपने मार-मार के वो बोली छुड़ा दी. अब उसके पास कहने को दाँत ही बचे थे."

"पर डॉक्टर साहब, प्यार करता था उससे." मी म्हटलं.

"करता होगा. बच्चा गले लगता है तो हमें प्यार दिखता है, कुत्ते को लगता है किसी ने दबोच लिया. छोटा कुत्ता चिढ़े तो खरोंच आती है. ये अड़तालीस किलो का है. ये ज़रा-सा भी चिढ़े तो इतना ही होगा. इतने छोटे बच्चे के साथ इसे छोड़ना ही नहीं था, एक मिनट भी."

त्याला कायमचं झोपवायची सुई द्यायला ते तयार नव्हते. महूच्या पुढे त्यांच्या ओळखीचे एक रिटायर्ड सुभेदार आहेत, एकटेच, शेतावर राहतात. घरात मूल नाही, येणार नाही. पक्की जाळी आहे. त्यांच्याकडे ठेवू म्हणाले.

रत्नपालने मान हलवली. मग बाहेर येऊन गाडीच्या बॉनेटवर डोकं टेकून उभा राहिला.


२३ फेब्रुवारी, रविवार

मेजर गेला.

जीपमध्ये उडी मारून बसला, खुशीत. फिरायला चाललोय असं वाटलं असेल. सुभेदार म्हणाले, "आप मिलने मत आना, भटकेगा." बरं म्हटलं. जीप वळेपर्यंत तो माझ्याकडेच बघत होता.

त्याच्यावर राग येत नाही. यावा असं वाटतं, पण येत नाही.


२५ फेब्रुवारी, मंगळवार

चौकसे भियांना खरं सांगितलं. त्यांच्या दारात, उभ्या-उभ्याच. ते पायरीवर बसले. "दीदी, वो तो हमारे हाथ से रोटी खाती थी." आत गेले, दार लावून घेतलं.


२८ फेब्रुवारी, शुक्रवार

कस्तुरी आज घरी आली. गालावर लाल जाड रेघ, डोळ्याखालून ओठापर्यंत. फाटकात थांबली. पोर्चमध्ये बघितलं, बापाच्या पायाला घट्ट धरलं. "नाहीये बेटा, मेजर नाहीये," रत्नपाल म्हणाला. त्याने तिला उचलून सगळं घर दाखवलं – पलंगाखाली, बाथरूममध्ये, मागच्या अंगणात. तेव्हा कुठे उतरली.

मला वाटलं माझ्याकडे येणार नाही. आली. माझ्या मांडीवर बसून केळं खाल्लं.

स्वयंपाक नंदिनीने केला. मला ताट वाढून आणलं. "जेवा ताई, तुम्ही वाळून गेलात. झालं ते झालं. तुम्ही काही मुद्दाम नाही केलं."

ताट तसंच झाकून ठेवलं.


२ मार्च, रविवार

मी आत गेलेच नव्हते. या वहीतसुद्धा खोटं लिहिलं. लायब्ररीतल्या बायकांच्या ग्रुपवर टाकायला पोर्चमध्ये उभी राहून व्हिडिओ काढत होते, चार पावलांवरून. बेचाळीस सेकंदांचा आहे. मेजर दोनदा तोंड फिरवतो, ओठ चाटतो, उठून जायला बघतो. आणि मी कस्तुरीला सांगतेय – "सोडू नको हं! घट्ट मिठी मार त्याला, अजून घट्ट!"

पुसता आला नाही. आत्ता जेवणं झाल्यावर फोन रत्नपालच्या हातात दिला. तो जिन्यावर बसून बघतोय. नंदिनी त्याच्यामागे उभी आहे.

व्हिडिओत मी हसतेय, ते इथपर्यंत ऐकू येतंय.