पातीचं दुसरं टोक

प्रिय अक्का,
जयभीम.

माझी मनीऑर्डर परत लावलीस ना? 'घेण्यास नकार' असा शेरा मारून आली. म्हणजे आपलं भांडण झालं, तू अजून त्याच बांधावर उभी हाईस. मग मी पण हाय. आपल्या वाट्याची पात खुरपून झाली की माणसानं सावलीला बसावं, हे माझं म्हणणं आजबी तेच. सर्जेरावांच्या उसात तू सगळ्यांच्या आधी पात उरकायचीस, घोटभर पाणी प्यायचीस आणि लगेच लक्ष्मीआत्याच्या पातीत पलीकडच्या टोकानं शिरायचीस. म्हातारी इकडनं, तू तिकडनं, मधी गाठ पडली की दोघी हसायच्या. रोजाचे पैसे मात्र दोघींना सारखेच. मी चिडून विचारलं होतं, तू काय मुकादमीण हाईस का? तू मान वर न करता म्हणालीस, "माझी पात संपली रं, रान कुठं संपलंय?" पुढं सगळ्याच बायका तसं करायला लागल्या, कुणी मागं राहीनासं झालं. मला त्याचाबी राग यायचा, कारण तू घरी यायचीस ती दमूनच.

हितं जामनगरकडं पाइपासाठी चर खणायचं काम हाय. मुकादम सकाळी चुन्यानं आखून प्रत्येकाला तुकडा देतो. दिवस मावळायच्या आत खणला तर पूर्ण हजेरी, न्हाय तर अर्धी. तुला म्हायती हाय, माझा हात चालतो, बूड टिकत न्हाय. इंदापुरात ट्रॅक्टरवर टिकलो न्हाय, माळेगावला कारखान्यावर टिकलो न्हाय. हितं टिकलोय, कारण जायला दुसरीकडं कुणी वळखीचं न्हाय. माझा तुकडा आधी संपायचा. मग मातीच्या ढिगावर एकटाच बसायचो. ओरिसाचे एकीकडं, बिहारचे एकीकडं, तेलुगू एकीकडं. आपल्याकडचं कुत्रं दिसलं असतं तरी त्याच्याशी बोललो असतो.

एकदा असाच बसलेलो. ओरिसाचा बैरागी म्हणून एक पिकल्या केसांचा माणूस, हाताला चिंधी बांधून खणत होता. तुकडा निम्मा राहिला होता, ऊन उतरलं होतं. मी तोंड फिरवलं, तर डोळ्यापुढं तू आलीस. तुला शिव्या देतच फावडं उचललं आणि त्याच्या तुकड्यात पलीकडनं शिरलो. त्याला वाटलं, ह्याला माझी हजेरी खायचीय. फावडं उगारून अंगावर आला. त्याची भाषा मला येत न्हाय, माझी त्याला. मी खाली मान घालून खणत राहिलो. मुकादम माप घ्यायला आला तेव्हा मी लांब जाऊन उभा राहिलो, तेव्हा कुठं बैरागीच्या ध्यानात आलं, ह्याला हजेरी नको. दुसऱ्या दिवशी तो बिहारच्या एका पोराच्या तुकड्यात शिरला.

आता सगळेच तसं करतात, सगळी रांग चरातनं एकदमच वर येते. मुकादमानं विचारलं, तुमचा म्होरक्या कोण? मी बी इकडंतिकडं बघितलं. बैरागी माझ्याकडं बघून हसला. मला म्होरक्या म्हटलं तर तू पोट धरून हसशील. पण अक्का, काम सुटलं की जो तो आपापल्या भाषेत जातो. मला चहा देतात, सरकून जागा देतात, आणि परत आपलं बोलायला लागतात. कानाला मराठी मिळावी म्हणून हे पत्र मी मोठ्यानं बोलत लिहितोय.

लिहायचं कारण तुझं न्हाय, दिशाचं हाय. तुझ्या पोरीचं कार्ड आलं, तुला न सांगता टाकलंय, तिला रागावू नको. तुझी कंबर धरलीय. बायका तुझ्या पातीत सामोऱ्या येतात, तरी आठवड्यातनं तीनच दिवस तुला रानात जाता येतं. म्हणून दसऱ्यापासून बारामतीचं कॉलेज सोडून तुझ्या जागी खुरपं धरायला तू तिला सांगितलंयस. लक्ष्मीआत्यानं कधी तुला परत पाठवली होती का गं? सामोऱ्या आलेल्याला नको म्हणायचं नसतं, हे तुझ्याच रानातलं हाय. पोरीला कॉलेजला जाऊ दे. तुझ्या पातीत मी पलीकडच्या टोकानं शिरलोय. लांबून वळखू येत नसेन, पण बैरागीसारखं फावडं उगारू नको. परत लावलेल्यात ह्या महिन्याचे घालून सातशे रुपये धाडतोय.

तुझाच,
अनुप