साठ किलो जास्त

३ मार्च
पोचलो एकदाचा. ट्रक चार तास नुसता चढत होता, शेवटी माझंच डोकं गरगरायला लागलं. पण खोली झकास आहे. लोखंडी कॉट, दोन रजया, खिडकीतून समोरच वर्कशॉप आणि त्यात मधोमध आमचा नवा हलका टँक. इतक्या उंचावर हवा विरळ, इंजिनाचा दम निम्मा होतो, म्हणून टँक पंचवीस टनांच्या आतच हवा. तो साठ किलोंनी जास्त भरतोय. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. ते शेपूट कापायला मला बोलावलंय. बायकोला फोनवर म्हटलं, आठवड्यात परत येतो. ती म्हणाली, तुझा आठवडा मला चांगला माहीत आहे.

४ मार्च
माणसं मात्र तिरसट. फोरमनबाईंनी साधा चहा विचारला नाही. ड्रायव्हर मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, आला उंटावरचा शहाणा. असू दे. दिवसभर टँकमध्ये वाकून एकेक वस्तू तपासली, पाठीचा काटा ढिला झाला. ड्रायव्हरच्या पायाशी हीटर आहे, चाळीस किलोंचा. डोक्यावरचं लोखंडी झाकण आतून उचलता यावं म्हणून स्प्रिंग आहे, ती बावीस. दोन्ही गेलं की काम फत्ते. दोन स्वेटर घालावेत की, हीटर कशाला? आणि झाकण बाहेरून दोघांनी उचललं तर काय झिजणार आहेत? मोठ्या साहेबांना पटलं.

६ मार्च
हीटर आणि स्प्रिंग काढून टँक वजनकाट्यावर चढवला. साठ किलो जास्त. पुन्हा चढवला, साठच. काटा बिघडला असेल म्हणून ठेवणीतली वजनं लावून पाहिली, काटा बिनचूक. टँकमध्ये कोणी नव्हतं, मी स्वतः डोकावलो. फक्त ड्रायव्हरच्या सीटची गादी खाली दबलेली होती. पाच मिनिटं बघत राहिलो, वर आली नाही.

७ मार्च
फोरमनबाई आज पहिल्यांदाच धड बोलल्या. माझ्या आधीच्या वजनवाल्यानेही हेच दोन भाग काढले होते म्हणे. थंडीच्या चाचणीला टँक पठारावर इंजिन बंद करून दोन तास ठेवतात. आत एक माणूस बसतो आणि दर पाव तासाने वायरलेसवर ठीक आहे म्हणतो. ड्रायव्हर बसेना, म्हणून तो बसला. तासाभराने बाहेर काढा म्हणून रडायला लागला. इथल्यांना वाटलं, नाटकं करतोय लेकाचा. कोणी गेलं नाही. बाईही गेल्या नाहीत. दोन तासांनी झाकण उघडलं, तर आत गारठून मेलेला. हीटर, स्प्रिंग नंतर परत बसवलं, पण तेव्हापासून काहीही काढा, काटा साठ किलो जास्तच दाखवतो. तो साठ किलोंचाच होता.

दोन्ही भाग आजच बसवा म्हणाल्या. म्हणजे मी चुकलो असं सगळ्यांसमोर कबूल करायचं. परवा चाचणी, साहेब डोक्यावर. वजनाच्या तक्त्यात साठ किलो कमी करून लिहिले आणि सही ठोकली. भुताचं वजन कोण धरतं?

८ मार्च
रिकाम्या टँकच्या काचेवर वाफ धरली होती. आतल्या बाजूने. पुसायला आत — नाही गेलो.

ड्रायव्हर उद्या बसणार नाही म्हणतो. साहेब म्हणाले, सही ज्याची त्याने बसावं. खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ड्रायव्हर हसला. हो म्हणून बसलो. गाढव आहे मी. मला भीती वाटतेय.

९ मार्च, सकाळी दहा
टँकमध्ये. पेन गोठलं, पेन्सिलने लिहितोय. झाकण दोघांनी बाहेरून टाकलं. वायरलेसवर फोरमनबाई आहेत. ठीक आहे म्हणालो.

साडेदहा
पाय कळत नाहीत. मांडीवर भार आहे. कोणी बसावं तसा. समोर कोणी नाही, पण काचेवर दोन ठिकाणी वाफ धरतेय —

पावणेअकरा
बस झालं. बाईंना सांगितलं, खोटं लिहिलं, सगळं कबूल करतो, मला काढा. त्या लगेच म्हणाल्या, माणसं पाठवते, या वेळी उशीर करणार नाही. रडू आलं मला.

बर्फावर बूट वाजतायत. ड्रायव्हर आणि आणखी एक जण. आले. झाकणाला हात घातला —

वायरलेसवर कोणी बोलतंय. माझ्याच आवाजात. मी बोललेलो नाही. म्हणतोय, चेष्टा केली बाई, मी मजेत आहे, दोन तास पुरे होऊ द्या —

घशातून आवाज निघत नाही. भार छातीवर आलाय. हात वहीपलीकडे सरकत नाही —

स्वतःजवळच्या वायरलेसवर ते ऐकून ड्रायव्हरने शिवी हासडली. बूट परत निघाले.

बाई विचारतायत, नक्की ना? नक्की ना, म्हणून दोनदा. तो माझ्या आवाजात हसला. म्हणाला, नक्की. आता दर पाव तासाने विचारूही नका, मला जरा झोप