वजनमापवाल्यांना पुरून उरलेले चॉकलेटचे गोळे

ती. आत्यास,

तुला आणि काकांना मनापासून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, काकांचं नव्या चष्म्याशी जमलं का, हे आधी कळव. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. (आईही बरी आहे. तू विचारलेलं नाहीस आणि विचारणारही नाहीस, पण 'सगळे' लिहिलं की त्यात ती येतेच, म्हणून वेगळं सांगितलं.)

आईच्या निवृत्तीच्या निरोप समारंभाला तू आली नाहीस. का आली नाहीस हे घरात सगळ्यांना माहीत आहे, फक्त कोणी बोलत नाही. बाबांच्या वाढदिवसाला तुझा केक खाताना आई म्हणाली, "वन्सं, जरा कोरडा झालाय हो," आणि एवढ्यावर न थांबता तिने पाणी मागितलं. तू उरलेला केक डब्यात भरलास आणि निघून गेलीस. तेव्हापासून तुझा फोन आला की आई तो बाबांच्या हातात देते आणि शेजारी उभी राहून सगळं ऐकते. आजवर आपल्या घरातला प्रत्येक केक तू केलास. त्यामुळे आईने ऑफिसात "केक घरचाच असेल" असं जाहीर केल्यावर तो करायची पाळी माझ्यावर आली. आणि ऑफिस कुठलं, तर वजनमापांचं! दुकानदारांचे तराजू तपासण्यात ज्यांची हयात गेली, त्या माणसांसमोर मला केक मांडायचा होता. फसला असता तर आईची मान खाली गेली असती, तीही नेमकी शेवटच्या दिवशी. मला जेवण जाईना.

केक बिघडला, हे तू ओळखलं असशीलच. ओव्हनचं दार उघडायचं नाही हे मला पाठ होतं. पण तो नीट फुगतोय की नाही हे दार उघडल्याशिवाय कळणार कसं? (काचेतून दिसतं, असं बाबा नंतर म्हणाले. आधी का नाही म्हणाले, देव जाणे.) मी थोडंसंच उघडलं, मग थोडंसं उघडल्याने काही बिघडलं नाही ना हे पाहायला पुन्हा उघडलं. शेवटी बाहेर काढला तेव्हा त्याच्या मध्यभागी आपली मोठी वाटी आरामात मावेल एवढा खड्डा होता. बाबा म्हणाले, "खड्ड्यात क्रीम भर आणि तलाव म्हण." मी रडायला लागल्यावर ते तलावाबद्दल पुढे काही बोलले नाहीत.

फसलेला केक टाकायचा नाही, ही तुझीच शिकवण. शाळेचं तोंड पाहण्याआधी मी तुझ्या ओट्यासमोरच्या स्टुलावर बसून शिकले. अक्षरं, पाढे आणि 'अन्न वाया घालवणारीला माझ्या घरात थारा नाही' हे वाक्य. म्हणून मी त्यातला अर्धा केक कुस्करला. कुस्करलेल्या केकमध्ये क्रीम कालवून गोळे वळायचे आणि ते वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवायचे, असं मी एकदा वाचलं होतं. पण माझा केक आतून कच्चट. क्रीम घातल्यावर त्याचा जो चिखल झाला, त्याचे गोळे वळले की ते ताटात हळूहळू पसरायचे. तेव्हा मला उमगलं, आत्या, की या पदार्थाला मुळात कोरडाच केक लागतो! तुझा असता तर पहिल्या फटक्यात गोळे झाले असते. (हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. माझा उरलेला अर्धा केक मी ओव्हनमध्ये भाजून, खडखडीत वाळवून, मग त्या चिखलात मिसळला, तेव्हा कुठे गोळे उभे राहिले. आईने हे सगळं दारात उभं राहून पाहिलं आणि काही न बोलता निघून गेली. काही न बोलता, हे लक्षात घे.)

मग वजन. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी प्रत्येक गोळा ठेवला. जास्त भरला की चिमूटभर काढायचा, कमी भरला की चिमूटभर लावायचा. आई अचानक येऊन एखादा उचलायची, तळहातावर तोलायची आणि "हा हलका आहे" म्हणून बाजूला ठेवायची. काट्यावर ठेवला की तो खरंच हलका निघायचा. असले हलके गोळे बाबांच्या ताब्यात जायचे. आपण जप्त मालाची विल्हेवाट लावतोय असं ते म्हणत, आणि तोंड भरलेलं असल्यामुळे ते नीट ऐकूही येत नसे.

खरी फजिती चॉकलेटने केली. गरम पाण्यावर भांडं ठेवून ते इतकं सुरेख वितळलं होतं की त्यात माझा चेहरा दिसत होता. पण हात धुतल्याशिवाय खाण्याच्या वस्तूला शिवायचं नाही हे तू माझ्या हाडीमासी भिनवलेलं. मी एक गोळा बुडवायचे, हात धुवायचे, दुसरा बुडवायचे, हात धुवायचे. पुसायचेही, पण घाईत. ओल्या बोटांवरचं पाणी चॉकलेटमध्ये टपकलं आणि बघता बघता त्या आरशाची ओली वाळू झाली! ढवळावं तसं आणखी घट्ट. चॉकलेटला पाण्याचा थेंबही चालत नाही, हे मला त्या भांड्यानेच शिकवलं. (ते वाया घालवलं नाही. दूध घालून प्यायलो.) दुसऱ्यांदा वितळवलं तेव्हा बाबांना टॉवेल घेऊन शेजारी उभं केलं. "इतकी वर्षं नोकरी करून मी टॉवेल धरायचा?" असं ते कुरकुरले, पण धरला. फ्रिजमधून काढल्या काढल्या बुडवलेल्या गोळ्यांवर चॉकलेट तडकलं, म्हणून बाकीचे जरा बाहेर ठेवले, मग काट्याच्या चमच्यावर घेऊन बुडवले आणि भांड्याच्या कडेवर हलकेच आपटून जास्तीचं चॉकलेट झटकलं. आत्या, ते असे चकाकत होते की मला कोणाला तरी हाक मारावीशी वाटली. मी तुलाच मारली असती.

समारंभात ताट फिरलं. आईच्या शेजारच्या टेबलावरचे निरीक्षक, ज्यांना सगळं ऑफिस 'वजनदादा' म्हणतं, त्यांनी दोन गोळे उचलले, दोन तळहातांवर ठेवले आणि डोळे मिटले. मग ते म्हणाले, "मॅडम, एवढी अचूक वजनं तर आम्ही दुकानदारांकडून कधी करून घेऊ शकलो नाही." टाळ्या पडल्या. मला राहवेना, मी सांगून टाकलं की हा मुळात फसलेला केक आहे. कोणी ऐकायलाच तयार नाही! "किती विनय हो मुलीच्या अंगात," एक बाई म्हणाल्या. मी तीनतीनदा सांगितलं, तसतसा माझा विनय वाढतच गेला. आणि कृती कोणाची असं कोणीतरी विचारलं, तेव्हा आई माझ्या आधी बोलली. म्हणाली, "हिला सगळं आमच्या वन्संनी शिकवलंय." अगदी मान ताठ करून. मी तिला इतक्या रुबाबात कधी पाहिलं नव्हतं, आणि मला माझ्या गोळ्यांपेक्षा त्याच वाक्याचा जास्त अभिमान वाटला.

प्रकृतीला जप. काकांना सांग, जप्त मालातला त्यांचा वाटा बाबांनी खाल्ला.

तुझी,
फसलेल्या केकवाली भाची

ता. क. त्या विनयवाल्या बाईंच्या मुलीच्या लग्नासाठी असेच गोळे हवे आहेत, ताटंच्या ताटं. आईने "वन्सं आणि माझी मुलगी मिळून करतील" असं कबूल करून टाकलं आहे. तुला न विचारता. म्हणून आता विचारते: येशील का?

पुन्हा ता. क. 'वन्संना मी बोलावलं असं वाटता कामा नये, तूच आपल्या मनाने लिही,' असं आईने मला बजावलं आहे. पण खोटं लिहायला तू शिकवलं नाहीस. आत्ता ती माझ्या मागे उभी आहे आणि "वन्संच्या गुडघ्याचं विचारलंस का?" असं विचारते आहे. विचारलंय म्हटलं. तर म्हणते, "मग पुन्हा विचार. या वेळी माझ्याकडून."