बाबाच्या कॉम्प्युटरमधल्या अक्षता

प्रिय बाबा,

तुझ्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर आज बदलला. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, बरं, मग? म्हणून तुलाच लिहायला बसले. लिहितेय ते पण त्याच्यावरच.

प्रोसेसर म्हणजे काय, हे तू एकदाच विचारलं होतंस. मी म्हटलं, त्याचा मेंदू. तर तू म्हणालास, "मेंदू न्हाय गं, मोटर बोल. मोटर बारीक असंल तर लूम काय धावनार?" नारपोलीच्या यंत्रमाग कारखान्यात जन्म काढलास, तुला जगातली प्रत्येक वस्तू लूमच वाटायची!

मोटर बारीकच होती रे. स्वस्तातलं मशीन ते. पण काय मिरवलं होतंस! राहनाळला घरी आणताना टेम्पोत डबा मांडीवर घेऊन बसलास, खाली ठेवायला तयार नाही. "पोरगी लग्नाच्या पत्रिका बनवनार यावर," असं ड्रायव्हरला सांगितलंस. मी तेव्हा साधा बॅनरसुद्धा बनवला नव्हता, बाबा! आज त्याच पत्रिका-बॅनरवर माझं घर चालतं.

पण हल्ली त्याचं काही खरं नव्हतं. एक पत्रिका उघडेपर्यंत चहा होऊन कप धुऊनही व्हायचा, आणि मध्येच तापून बंद. निलेश, तुझा लाडका लेक, आता मानकोलीला गोडाउनात सुपरवायझर झालाय. त्याचं एकच पालुपद, "ताई, भंगारात दे तो डबा." आई म्हणाली, "ह्यांनी आनलेला हाय. मी न्हाय देनार." शेवटी त्याने जाहीर केलं की रविवारी भंगारवाला येणार. मी पण हट्टी, मुलगी कुणाची? त्याच मदरबोर्डावर बसेल असा ताकदीचा प्रोसेसर मागवला.

आज रविवार. सकाळी कॅबिनेटचं झाकण उघडलं आणि हसावं की रडावं कळेना. पंख्याखाली गरमी बाहेर टाकणारी ॲल्युमिनियमची जाळी असते, ती गच्च भरलेली. कापसाची धूळ तर भिवंडीत नाकातही जाते, ती होतीच. पण तिच्यात तांदूळ! हळदीचे, पिवळे. अक्षता! वर झेंडूच्या वाळक्या पाकळ्या.

तुझी खंडेनवमी! कारखान्यात लूम बंद ठेवून, झाकणं काढून, पार मोटारीपर्यंत हळद-कुंकू लावायचात. तसंच घरी येऊन यालाही. पंखा खडखडायचा, त्यालाही लूमच्या तेलाचा थेंब. बाहेरून लाव म्हटलं तर काय म्हणायचास? "देवाला कपड्यावरनं गंध लावतात काय?" आणि त्या दिवशी चालू करायचा नाही म्हणजे नाही. "आज त्याला सुट्टी हाय." माझं गिऱ्हाईक फोनवर ओरडतंय आणि तू बटणाला पाठ लावून खुर्चीत! आईशप्पथ, तुझा असा राग यायचा ना!

मग तो तापला की शिव्या कॉम्प्युटरवाल्याला. अरे, त्याच्या नाकात तांदूळ तूच भरलेस की!

ब्रशने सगळं साफ केलं. अक्षता फेकवेनात, वाटीत काढल्या. जुना प्रोसेसर उपसला, नवा बसवला, त्याच्याबरोबर आलेला नवा पंखाही लावला आणि बटण दाबलं. पंखा गुपचूप फिरला. स्क्रीन काळीच. दारात निलेश चपला घालून उभा होता. "बोललो होतो ना?"

मोबाईलवर शोधलं तेव्हा कळलं. बोर्ड जुना, त्याला हा नवा पाहुणा ओळखूच येत नाही. ती ओळख करून द्यायला अपडेट लागतं, आणि अपडेट द्यायचं तर आधी जुनाच परत बसवून चालू करायचा. मी जुना हातात घेतला तर त्याच्या दोन पिना वाकलेल्या! उपसताना वाकल्या असणार. केसाएवढ्या त्या पिना, तुटल्या असत्या तर संपलंच सगळं.

तेव्हा तुझा हूक आठवला. तुटलेलं सूत लूमच्या फणीतून ओढायचास, तो चपटा. आईने शिलाई मशीनच्या खणातून काढून दिला. श्वास धरून पिना सरळ केल्या. तुझा हात किती हलका होता रे!

जुना बसवला, वर तुझा जुना पंखा, आणि बटण दाबलं. खडखड, खडखड! आई ओट्यावरून ओल्या हातानेच धावत आली. "ह्यांच्या वेळचा आवाज हाय ना गं ह्यो?" म्हणाली आणि तिथेच उभी राहिली. निलेशने चपला काढल्या आणि आत आला. बाबा, तू गेल्यापासून हे घर इतकं गप्प झालंय, हे मला आज त्या खडखडीने कळलं.

अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड कायमचा गेला. आणि आपल्याकडच्या लाइटचा काय भरवसा! आई देव पाण्यात घालून बसली. निलेश पंख्याला, फ्रिजला, कुणालाच हात लावू देईना. लाइट टिकली. मग जुना काढला, नवा बसवला, आणि या वेळी स्क्रीन उजळली. भंगारवाल्याला निलेशनेच फोन करून नको म्हणून सांगितलं.

नवा पंखा मी खोक्यात टाकलाय. तुझाच लावला. तापलाच तर बघू, पण आईला ऐकू आला पाहिजे.

आता शब्द देते. या खंडेनवमीला कॉम्प्युटर बंद, गिऱ्हाईक कितीही ओरडो. पंख्याला तेल देईन, कुंकू मात्र झाकणावरून, रागवू नकोस. आणि तुझा जुना प्रोसेसर पाटावर बसवेन. वाटीत तुझ्या हातच्या अक्षता आहेत, त्या सगळ्या त्याच्यावर वाहीन. आता त्याला तापायची भीती नाही.

तुझीच हट्टी,
सुजी