दोघी खऱ्या

३ जून
अखेर नोकरी लागली, तीही दोघींना एकदम! सरकारला ओळखपत्रांची यंत्रणा पुरवणारी कंपनी आहे. मी दुसऱ्या मजल्यावर, माझी जुळी बहीण चौथ्यावर. ती दहाच मिनिटांनी धाकटी, तरी मुद्दाम ‘ताई’ म्हणते, मला चिडवायला. दोघींचा विभाग एकच, दुबार नोंदींचा. पडद्यावर दोन सारखे चेहरे येतात. एक ठेवायचा, दुसरा रद्द करायचा. प्रत्येक जोडी दोन जणांकडे जाते, एकमेकांना न कळता. एकमत झालं तरच रद्द, नाहीतर जोडी अडकून पडते. आई म्हणाली, जन्मभर लोकांनी तुमच्यात घोळ घातला, आता तुम्ही लोकांचा निस्तरा.

७ जून
दिवसाला चारशे जोड्या. हात बसलाय. खाली खिडकीशी एक म्हातारा आला होता. नोंद रद्द झाल्यापासून सून जेवायला वाढत नाही, तिला मी दिसतच नाही, म्हणत होता. घरी बहिणीला सांगितलं, दोघी पोट धरून हसलो.

११ जून
म्हातारा आजही दारातच होता. आज चेहरा ओळखला, मीच रद्द केलेला. शिपायाला म्हटलं, आजोबांना बसायला तरी द्या. तो इकडेतिकडे बघून म्हणाला, कोण आजोबा? थट्टा करत असेल. पण चेहरा थट्टेचा नव्हता.

१४ जून
पडद्यावर मी आणि ती.
साहेबांना सांगितलं, आम्ही जुळ्या, दोघी खऱ्या. ते म्हणाले, तसं बटण नाही. संध्याकाळपर्यंत निवडा, नाहीतर यंत्र दोघींना काढेल. दोघी जाण्यापेक्षा— शिवाय दुसरा कुणी तिला ठेवीलच, जोडी अडकेल. मी मला ठेवलं. खरं सांगते, भीती वाटली.

१५ जून
एकमत झालं. ती घरी आली नाही. आईनं दोनच ताटं घेतली. विचारलं तर म्हणते, मला एकच मुलगी.

१६ जून. दुपार
बेल वाजली. आईनं दार उघडलं, कुणी नाही म्हणत लावून घेतलं. पण ती आत आलीय. मला दिसते. समोर बसलीय. मी खाली मान घालून लिहितेय—
म्हणते, “ताई, माझ्याकडंही आपलीच जोडी आली होती. मी तुला ठेवलं. तू कुणाला ठेवलंस?”
वर बघायचं नाही—
पुन्हा विचारते. मी पुटपुटले, भीती वाटली गं— आई स्वयंपाकघरातून विचारते, कुणाशी बोलतेस? ती माझ्याकडे बघतेय. मी म्हटलं, कुणाशीच ना—