टिटवीचा फॉर्म

१२ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

टिटवीच्या हातातून फॉर्म आत्ताच काढून घेतला, कपाटात टाकला आणि कुलूप लावलं. मग लिहायला बसले, कारण तिला ही शिकवण तुझीच. माझ्या लेकीला म्हणे कॉलेजात मुलामुलींच्या एकत्र वसतिगृहात राहायचंय. तेही तुझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर! सहीला आईच लागते, एवढं नशीब.

पंधरा वर्षं मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. सोबत कात्रण जोडलंय. एकत्र वसतिगृहातली मुलं दुप्पट दारू पितात, असं संशोधनच सांगतं. आमच्या मुलीही त्या पाहणीत होत्या. माझं नाही तर आकड्यांचं तरी ऐक. तू आकडेच शिकवतेस ना?

तिने तुला लिहिलेलं पत्र मी वाचलं. पाच पानं! मला ती विचारते ते एवढंच, की इस्त्री कुठे ठेवलीस.

आशीर्वाद आहेत, लोभाचं पुढे बघू.

ताई

१७ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

दुसऱ्याचं पत्र उघडणारी रेक्टर मुलींना काय शिस्त लावत असेल, ते विचारत नाही. मूळ अहवाल ग्रंथालयातून आणून वाचला. कोणी कुठे राहायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं. ज्याने त्याने आपापलं निवडलं. शांतपणा हवा ती तुझ्याकडे, धांगडधिंगा हवा ती तिकडे. मग गुण इमारतीचा की माणसांचा? दवाखान्यात आजारी माणसं जास्त, म्हणून दवाखान्याने आजार होतो म्हणशील?

आणखी एक. तुमच्या मुलींनी भरलेले कागद कोणी गोळा केले?

ती इथे आली तर मला आनंदच होईल, खोटं कशाला बोलू? पण पाच पानं वाचलीस, तर त्यातली साडेतीन तुझ्याबद्दल आहेत हेही दिसलं असेल. मी ती वाचून जळते.

लोभ शिल्लक नसेल तर नवा कर, पण असू दे.

धाकटी

२२ जून

चि. धाकटीस आशीर्वाद.

कागद मीच वाटले, मीच जेवणघराच्या दारात उभी राहून गोळा केले. वर नाव लिहायला लावलं. बिननावाचा कागद मी आजवर घेतलेला नाही. दारूच्या प्रश्नापुढे एकशे चौदा मुलींनी शून्य लिहिलं. एकीने दोन लिहिलं. तिला बोलावून समज दिली, तेव्हा तिनेही खोडून शून्य केलं. मला अभिमान वाटला होता.

पाहणी चुकली म्हणून एकत्र वसतिगृह चांगलं ठरत नाही, हे तूही मान. पण मला भीती दारूची नव्हतीच. तू तिला रोज बघशील आणि मी सुट्टीत, याची होती. लिहून टाकलं. हसू नकोस.

रागावले तरी तुझीच,
ताई

ता. क. २३ जून. सकाळी सही केली. टिटवीने फॉर्म दोनदा तपासला आणि आठच्या टपालात टाकला. मग मी त्या संशोधकांना कळवलं, की आमचे एकशे पंधरा कागद वगळा.